मोठ्या नावेची छोटी होडी

‘डिंगी’ हा शब्द आज जगातल्या बहुतेक बंदरांत समजतो. इंग्रजी शब्दकोशात तो पाहिला, तर त्याचे मूळ हिंदी-बंगाली असल्याची नोंद सापडते. आपल्या नद्यांवरच्या छोट्या होडीला डिंगी किंवा डोंगी म्हणत. इंग्रज खलाशांनी ती पाहिली, तिचे नाव उचलले आणि आपल्या जहाजाबरोबरच्या लहान होडीला देऊन टाकले. शब्दही असे समुद्रावरून प्रवास करतात. फारसीतला ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी. तोच कोकणच्या किनाऱ्यावर उतरून ‘नाखवा’ झाला. उर्दू गझलेत कश्ती, साहिल आणि नाखुदा यांची गर्दी असते. पण कश्तीतून उतरून साहिलवर पाय ठेवायचा कसा, हे गझल सांगत नाही. ते काम डिंगीचे. शिडाच्या मोठ्या नावेसाठी ही छोटी होडी कशी निवडावी, याविषयी आज बोलायचे आहे.

आमच्या आष्टी तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की टँकर आठवतो, होडी आठवत नाही. कड्यापासून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. तरीही ही गोष्ट इथल्या माणसाला चटकन समजेल. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना विचारा. कारखान्याचा ट्रक सडकेला उभा असतो. फडात ओल असली, चिखल असला, की तो आत येत नाही. मग फडापासून ट्रकपर्यंतचे शे-दोनशे पावलांचे अंतर डोक्यावर मोळी घेऊन चालावे लागते, आणि खरा जीव तिथेच निघतो. शिडाच्या नावेचेही तसेच आहे. हजार मैल समुद्र कापून ती येते आणि किनारा दोनशे मीटरवर राहिला असताना थांबते.

ती थांबते, कारण तिच्या पोटाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. शिडात वारा भरला की नाव कलते; तिला पुन्हा उभी करण्याचे काम हा कणा करतो. दहा-बारा मीटर लांबीच्या नावेला त्यामुळे साधारण दीड ते दोन मीटर खोल पाणी लागते. जिथे धक्का नाही, तिथे खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि उरलेले अंतर छोट्या होडीने जायचे, याला इलाज नसतो. कोकणातल्या जुन्या पिढीला हे सांगायला नको. मुंबईहून निघणारी आगबोट अनेक बंदरांत धक्क्याला लागत नसे, बाहेरच उभी राहत असे. मग पडाव यायचे, आणि लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळे त्या हलत्या पडावातून चढायचे-उतरायचे. आगबोटीचा प्रवास कसा झाला हे विसरलेली माणसेसुद्धा पडावातली ती उडी विसरत नसत.

दूरच्या प्रवासाच्या शिडाच्या नावा आपल्या किनाऱ्याला परक्या नाहीत. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाला मिळाला. त्याची ‘सुहेली’ ही नाव सागवानाची होती आणि ती मुंबईत बांधलेली होती. पुढे गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ‘म्हादेई’ तयार झाली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. न थांबता जाणाऱ्याला किनाऱ्याची गरजच पडत नाही. पण जो माणूस चार गावे पाहत, चार बंदरांत मुक्काम करत जाणार आहे, त्याचे डिंगीवाचून पान हलत नाही. पाणी, भाजी, डिझेल, आजारी माणूस, पोस्टात टाकायचे पत्र, सगळे तिच्यातूनच जाते-येते.

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा, की दुकानात जाण्याआधी किनारा पाहावा. पावसाळा संपल्यावर मुंबईहून दक्षिणेकडे निघालेली नाव डोळ्यांसमोर आणा. गेटवे ऑफ इंडियासमोर पायऱ्या आहेत. तिथे लाटेबरोबर होडी दगडावर आपटते. मुरूडला लांब पुळण आहे. तिथे फुटणाऱ्या लाटेतून होडी वाळूवर घ्यावी लागते. दाभोळच्या खाडीत शिरलात, तर ओहोटीला काठावर चिखल मिळतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडपे आहेत. कोकणातल्या अशा खडकांवर कालवे चिकटलेली असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. एकाच प्रवासात दगड, वाळू, चिखल आणि पाते, अशा चार परीक्षा.

त्यात भरती-ओहोटीची भर. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते. भरतीला होडी काठाशी ठेवून तुम्ही बाजाराला गेलात आणि सहा तासांनी परत आलात, तर पाणी कुठल्या कुठे गेलेले असते आणि मध्ये नुसता चिखल किंवा वाळू. ओहोटीला ठेवून गेलात, तर उलटे; होडीच वाहून गेलेली असते. म्हणून दोघांना उचलून नेता येईल एवढेच तिचे वजन असावे, हा शहाणा हिशेब आहे. काही जण मागच्या बाजूला दोन चाके बसवतात. वाळूवर चाके उपयोगी, चिखलात नाहीत.

आता प्रकार पाहू. सगळ्यांत जुना प्रकार कडक होडीचा. लाकडाची, प्लायवुडची किंवा फायबरची. ती वल्ह्यांनी छान चालते, खडकावर घासली तरी फाटत नाही, वर्षानुवर्षे टिकते. तिचे दोन दोष. एक, ती अरुंद असेल तर डगमगते. काठावर पाय ठेवला की कलंडते, म्हणून नेहमी मधोमध पाय ठेवावा लागतो. दुसरा, ती घडी होत नाही. मोठ्या नावेवर तिला जागा लागते. यावर उपाय म्हणून दोन तुकड्यांची होडी निघाली. मध्ये बोल्ट काढले, की डब्यात डबा बसावा तसा एक भाग दुसऱ्यात बसतो. ती हाताने बांधणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत.

दुसरा प्रकार फुगवायच्या रबरी होडीचा. फ्रान्समधल्या ‘झोडियाक’ या कंपनीने हा प्रकार रूढ केला, आणि १९५२ मध्ये अलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने अशा होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडून दाखवला. हिचा मोठा गुण म्हणजे स्थैर्य. दोन्ही बाजूंना हवेने भरलेल्या जाड नळ्या असल्याने काठावर बसले तरी ती सहजी उलटत नाही. पोहून आलेल्याला वर चढणे सोपे जाते. हवा काढली की गुंडाळी करून ठेवता येते. आणि रात्री मोठ्या नावेला धडकली, तरी ओरखडा उठत नाही. दोष असे, की कालवांवर ती टिकत नाही, आणि समोरून वारा असेल तर वल्ह्यांनी पुढे सरकत नाही. हलकी असल्याने फुग्यासारखी मागे ढकलली जाते. कापडातही फरक असतो. पीव्हीसीची होडी स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या उन्हात तिचे जोड लवकर सुटतात. हायपॅलॉन नावाने ओळखले जाणारे कापड महाग असते, पण ऊन सोसते. उष्ण प्रदेशात राहणाऱ्याने इथे पैसे वाचवू नयेत.

तिसरा प्रकार या दोघांचा संगम; तळ कडक आणि काठ फुगीर. याचा जन्म गमतीचा आहे. १९६० च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात विद्यार्थी रबरी होड्या वापरत. गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ओढून त्यांचे तळ झिजायचे. मुलांनी आणि त्यांचे प्रमुख, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर यांनी तळाला प्लायवुड लावून पाहिले. त्यातून अशी होडी निघाली, की आज जगभरची बचाव पथके ती वापरतात. होर यांनी तिचा हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडाला देऊन टाकला. ही होडी इंजिनावर वेगात धावते, लाटा कापते, सामान भरपूर घेते. पण तीन मीटरची होडी पन्नास-साठ किलोच्या घरात जाते आणि वर इंजिनाचे वजन वेगळे. म्हाताऱ्या नवरा-बायकोने ती वाळूवरून ओढायची म्हटली, तर दम निघतो.

यावरून दुसरा प्रश्न येतो: होडीत बसणार कोण? तरुण पोरे काठावरून उडी मारतील. साठी ओलांडलेल्यांना गुडघे असतात. बरोबर लहान मूल असेल, तर एक हात त्याच्यासाठी राखावा लागतो. चार माणसांच्या नावेला चौघांची होडी पुरते असे नाही. चार माणसे, वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, भाजीच्या पिशव्या आणि गॅसची टाकी, असा हिशेब मांडावा लागतो. होडीच्या मागे एक पट्टी असते. तिच्यावर किती माणसे, किती वजन आणि किती ताकदीचे इंजिन चालेल, ते लिहिलेले असते. तो आकडा शांत पाण्याचा असतो. वारा असेल, लाट असेल, तर त्यातली दोन माणसे कमी करून दुसरी फेरी मारावी.

हा मुद्दा पुस्तकी वाटू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी एक होडी उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. बायका-मुलांसह डझनाहून अधिक जीव गेले. पाणी चढत असताना मागे कोणाला ठेवायचे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला त्यांना दोष देणे सोपे आहे. पण होडीला माया कळत नाही, तिला वजन कळते. म्हणून ‘किती माणसे’ हे गर्दी जमण्याआधी ठरलेले असावे लागते.

तिसरा प्रश्न: ही होडी ठेवायची कुठे? किनाऱ्याजवळच्या छोट्या प्रवासात लोक ती दोराने मागे ओढत नेतात. शांत पाण्यात हे चालते. मागून लाटा येऊ लागल्या, की ती मोठ्या नावेवर चाल करून येते, पाण्याने भरते, नाहीतर दोर तुटून निघून जाते. ढिला दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला, तर दोन्ही नावा अडकतात. काही नावांच्या मागच्या बाजूला दोन लोखंडी हात असतात. त्यांना होडी टांगतात. खाडीत ही सोय उत्तम, कारण रात्री टांगलेली होडी सहसा चोरीला जात नाही. भर समुद्रात मात्र मागून आलेली एखादी मोठी लाट तिला भरून टाकते आणि हातांसकट तोडून नेऊ शकते. लांबच्या टप्प्याला सगळ्यांत बरे म्हणजे डोलकाठीच्या पुढे, डेकवर, पालथी घालून घट्ट बांधणे. तेव्हा तेवढी मोकळी जागा आपल्या नावेवर आहे का, हे खरेदीआधी टेपने मोजावे. शिडाच्या दोऱ्या तिच्याखाली दबता कामा नयेत.

जागेच्या अडचणीवर जोशुआ स्लोकमने काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. १८९५ मध्ये ‘स्प्रे’ ही अकरा-एक मीटरची नाव घेऊन तो अमेरिकेहून एकटा निघाला आणि १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला. पूर्ण लांबीची होडी त्याच्या डेकवर मावेना. त्याने एक टाकून दिलेली होडी घेतली, आडवी करवतीने कापून अर्धी केली आणि कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या. ती त्याला एकट्याला उचलता येई. कपडे धुवायला आणि आंघोळीलाही कामाला येई. पण याच अर्ध्या होडीने त्याला मरणाच्या दारात नेले. उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ ‘स्प्रे’ वाळूत रुतली. तिला ओढून काढण्यासाठी जड नांगर आणि दोर होडीत घालून तो निघाला. होडी पाण्याने भरू लागली, नांगर टाकताना उलटली, आणि स्लोकमला पोहता येत नव्हते. उलट्या होडीला धरून, तिला पुन्हा पुन्हा सरळ करत, तो कसाबसा किनाऱ्याला लागला. साठवायला सोपी म्हणून छोटी केलेली होडी नांगर न्यायला अपुरी पडली. निवडीतली सगळी ओढाताण या एका प्रसंगात आहे. उचलायला हलकी हवी आणि ओझ्याला पुरेशी हवी. दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत.

चौथा प्रश्न चालवण्याचा. दोनशे मीटरसाठी वल्ही पुरतात आणि वल्ही नादुरुस्त होत नाहीत. खाडीत ओहोटीचा ओढ असतो, तिथे इंजिन हवे. अडीच हॉर्सपॉवरचे छोटे आउटबोर्ड इंजिन साधारण पंधरा किलोचे; एक माणूस ते वरून खाली देतो, दुसरा घेतो. दहा-पंधरा हॉर्सपॉवरचे इंजिन वेग देते, पण ते उचलायला कप्पी आणि दोर लागतो. अलीकडे बॅटरीवरची इंजिनेही आली आहेत. आवाज नाही, पेट्रोल नाही, फक्त चार्ज किती उरला याकडे लक्ष हवे. इंजिन कुठलेही असो, वल्ही बरोबर हवीतच. इंजिनाला एक वेटोळ्यांची तांबडी दोरी असते. तिचे टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला बांधायचे. तो पाण्यात पडला, की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. ती बांधली नाही, तर माणूस पाण्यात आणि होडी मोकाट गोल फिरत त्याच्याच अंगावर. दोन रुपयांच्या गोष्टीसारखी दिसणारी ही दोरी जीव वाचवते.

एक गल्लत टाळायला हवी. डिंगी म्हणजे जीवरक्षक तराफा नव्हे. तो तराफा डब्यात बंद असतो, दोर ओढताच आपोआप फुगतो आणि त्याला छप्पर असते. लांबच्या प्रवासाला तो वेगळा घ्यावाच लागतो. मात्र कडक डिंगीने तराफ्याच्याही पलीकडे साथ दिल्याचे उदाहरण आहे. जून १९७२ मध्ये गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला रॉबर्टसन कुटुंबाची ‘ल्युसेट’ ही नाव देवमाशांच्या धडकेने बुडाली. आई-वडील, तीन मुलगे आणि एक तरुण सोबती, अशी सहा माणसे. त्यांचा तराफा दोन-अडीच आठवड्यांत निकामी झाला. मग तीन मीटरच्या आसपास लांबीच्या फायबरच्या डिंगीत सहा जण बसले. तिचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर. कासवे आणि मासे खात, पावसाचे पाणी साठवत त्यांनी दिवस काढले आणि अडतिसाव्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. सहाही जण जगले.

रबरी होडीच्या बाजूनेही तितकेच मोठे उदाहरण आपल्या जवळचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. त्यांना उठता येत नव्हते. ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज तिथे पोहोचले, पण एवढे मोठे जहाज हेलकावणाऱ्या नावेला चिकटवता येत नाही. शेवटचे अंतर रबरी होडीनेच पार केले; तिच्यातून माणसे गेली आणि त्यांना स्ट्रेचरवरून घेऊन आली.

आमच्या मराठवाड्यात पूर आला की हेच दृश्य दिसते. बचाव पथकाची तांबडी-नारंगी रबरी होडी येते, तिला सगळे ओळखू लागले आहेत. एरवी धरणाच्या फुगवट्याकाठी लोक थर्माकोलच्या चप्पूवर बसून जातात, मुलेसुद्धा. काठावर लिहिलेली क्षमता नाही, अंगात लाइफ जॅकेट नाही. हौशी खलाशी आपल्या यॉटसाठी जे चार प्रश्न विचारतो, ते त्या चप्पूलाही लागू आहेत: उतरणार कुठे, बसणार किती, ठेवणार कुठे आणि चालवणार कशाने.

जाणते खलाशी एक गोष्ट बजावून सांगतात. भर समुद्रात माणूस सावध असतो. गावातून जेवून, गप्पा मारून, अंधारात नावेवर परतताना तो बेसावध असतो. दुपारच्या उन्हात, भरतीच्या वेळी, कुठलीही होडी चालते. निवड करायची ती रात्रीच्या परतीसाठी. वारा समोरून आहे, ओहोटी लागली आहे, इंजिन सुरू होत नाही, आणि होडीत घरातले सगळ्यांत वयस्क माणूस बसले आहे, असे धरून चालावे. विकत घेण्याआधी ती पाण्यात उतरवून पाहावी. घरातल्या सगळ्यांत अशक्त दोघांना ती उचलता येते का, वयस्क माणसाला चढता-उतरता येते का, आणि वल्ह्यांनी वाऱ्याविरुद्ध दोनशे मीटर जाता येते का, एवढे तपासावे. तिन्ही जमले, तर होडी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या रंगाची, याला फारसे महत्त्व उरत नाही. मात्र लाइफ जॅकेट घालावे, आणि हातात एक बॅटरी असावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)